गुडघे आत जातील असं काउंटर

आजारातून उठलेल्या माणसानं शांतपणे लिहावं, अशी लोकांची अपेक्षा असते. मी अंथरुणाला खिळून होतो तेव्हा भेटायला येणाऱ्यांनी मला अशी बरीच पुस्तकं आणून दिली. त्यांतला प्रत्येक आजारी शेवटी हसतमुख होतो, देवाचे आभार मानतो आणि दुखण्यानं आपल्याला शहाणं केलं म्हणून सांगतो. मला दुखण्यानं शहाणं केलं नाही. चिडकं केलं. आणि त्या चिडण्याचा मला जेवढा उपयोग झाला तेवढा कुणाच्या धीराच्या शब्दांचा झाला नाही. ज्यांच्या घरी असं दुखणं आलं आहे त्यांना निदान एका माणसानं खरं सांगावं, म्हणून हे लिहितो आहे.

पाठ

आम्ही मूळचे शिरपूर तालुक्यातले, कापसाची शेती असलेले. थोरला भाऊ नाना आणि मी, दोघांनी मिळून धुळ्यात आग्रा रोडला हॉटेल काढलं. पुढच्या बाजूला जेवणाचा हॉल, आतल्या अंगाला परमिट रूम. भागीदारी निम्मी निम्मी. स्वयंपाकघर, भाजीपाला, गल्ला हे नानाकडे. परमिट रूम माझ्याकडे. नानानं इंदूरला कुठल्याशा मोठ्या हॉटेलात बार पाहिला होता. तसाच त्यानं आपल्याकडे करून घेतला. छातीपर्यंत उंच काउंटर, वर काळा सनमायका, खाली पाय टेकवायला पितळी दांडी आणि समोर जमिनीत पक्की केलेली उंच स्टुलं. धुळ्यात तेव्हा असं फारसं कुठं नव्हतं. लोक नुसते त्या स्टुलांवर बसून बघायलाही यायचे.

मी काउंटरच्या आत उभा असायचो. मला स्वतःला पिण्याचं वेड कधीच नव्हतं. मला वेड होतं ते माणसांचं. जिनिंगवाले, ट्रकांचे मालक, कोर्टातले वकील, एखादा मास्तर. सगळे माझ्यासमोर कोपर टेकून बसायचे आणि घरी जे बोलता येत नाही ते बोलायचे. संध्याकाळचे ते तास म्हणजे माझं खरं आयुष्य होतं. हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची भांडणं कशासाठी झाली ते कळणार नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझी पाठ दुखायला लागली. धुळ्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरनं सांगितलं, उभं राहून राहून होतं असं. पट्टा दिला, इंजेक्शनं दिली. संध्याकाळी अंगात कणकण यायची, तर त्याला मलेरिया म्हणून गोळ्या दिल्या. वजन उतरलं, तर म्हणाला, बरंच झालं, पोट सुटलं होतं. एक अख्खा हिवाळा त्यात गेला. मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. चालता चालता माझी चप्पल पायातून निसटायची आणि मला कळायचंच नाही. बरंच पुढं गेल्यावर मागून कुणी हाक मारायचं, भाऊ, चप्पल राहिली तुमची. हे मी डॉक्टरला सांगितलं. तो म्हणाला, नवी घ्या.

एका संध्याकाळी काउंटरमागं वळताना माझे दोन्ही गुडघे एकदम दुमडले. हातात सोड्याच्या बाटल्या होत्या. पडल्यावर काचेत हात कापला, तो दुखला. पाय कुठं पडले होते ते मला डोळ्यांनी पाहून शोधावं लागलं.

निदानाचा दिवस

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये मागं गादी टाकून नाना मला जळगावला घेऊन गेला. नाना वाईट माणूस नाही, हे मी अनेकदा सांगणार आहे, कारण पुढं तसं वाटणार नाही. पारोळ्याच्या पुढं रस्त्याला खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याला त्यानं ड्रायव्हरला शिव्या दिल्या आणि माझं डोकं मांडीवर धरून ठेवलं.

जळगावच्या मोठ्या डॉक्टरांनी पायांवर हातोडी मारून पाहिली, टाचणी टोचून पाहिली, फोटो काढले. मग ते नानाला म्हणाले, जरा बाहेर या. दोघं पडद्यापलीकडं गेले. पडदा म्हणजे हिरवं कापड. मला सगळं ऐकू येत होतं. मणक्याचा टीबी. उशीर झालाय. मुंबईला ऑपरेशन करावं लागेल. पाय परत येतील असं सांगता येत नाही. पेशंटला इतक्यात सांगू नका, खचेल.

मी आवाज चढवून म्हणालो, "डॉक्टर, पाय माझे आहेत. मला सांगा."

ते आत आले, पण बोलले ते नानाकडे बघूनच. पाठीला धक्का पोचू देऊ नका, पौष्टिक द्या, गोळ्या बुडवू देऊ नका. जणू मी विकत घेतलेलं जनावर होतो आणि त्याची निगा कशी राखायची ते मालकाला सांगणं चाललं होतं. भीती मला नंतर वाटली, मुंबईच्या गाडीत. त्या खोलीत मला फक्त राग आला. माणूस आडवा झाला की उभे असलेले लोक त्याच्यावरून बोलायला लागतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

वॉर्ड

मुंबईतल्या सरकारी हॉस्पिटलात आम्ही पावसाळाभर होतो. ऑपरेशनबद्दल मला काही सांगता येत नाही, मी गुंगीत होतो. वॉर्डाबद्दल सांगतो. पहाटे झाडू, मग चहा, मग मोठ्या डॉक्टरांचा फेरा. त्यांच्यामागं शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. ते माझं पांघरूण न विचारता काढायचे, पाय दाखवायचे, इंग्रजीत बोलायचे आणि पांघरूण तसंच टाकून पुढं जायचे. ते परत अंगावर ओढायचं काम माझ्या बायकोचं, मंगलाचं. तिनं एकदा त्यांच्यासमोरच ते ओढून घेतलं आणि तिथंच उभी राहिली. त्यानंतर ते विचारायला लागले.

लघवीला नळी होती. संडासाची सगळी व्यवस्था मंगला बघायची. लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, दोन लेकरं होती, पण तिच्यासमोर मी कधी बनियन काढून बसलो नव्हतो, असा मी संकोची. ती काम करायची आणि मी भिंतीकडं तोंड करायचो. एकदा ती म्हणाली, "तुम्ही तोंड फिरवलं की मला जास्त लाज वाटते. माझ्याकडं बघून काहीतरी बोलत जा." मग मी हॉटेलातल्या गिऱ्हाइकांच्या गमती सांगायला लागलो. ते तास आम्ही असे काढले.

चांगलंही काही घडलं. शेजारच्या खाटेवर साक्रीकडचा एक तरुण होता, त्याची आई सोबतीला होती. मंगला लेकरांना बघायला धुळ्याला गेली, तेव्हा त्या माउलीनं स्वतःहून माझं डोकं धुतलं. अहिराणीत म्हणाली, "मी शे ना आठे." मी आहे ना इथं. मोठ्या शहरात आपल्या बोलीतलं ते वाक्य ऐकून मी ढसढसा रडलो. आणि व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मला एका गुळगुळीत फळीवरून खाटेवरून खुर्चीत सरकायला शिकवलं. खुर्ची म्हणजे चाकांची. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की टीबी जाईल, पण पायांत जेवढं यायचं होतं तेवढं आलेलं दिसतंय. आता हात बळकट करा. मला तोंडावर खरं सांगणाऱ्या त्या पहिल्या.

घर

घरी आलो तर आईनं उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "बठ्ठं बरं व्हई जाई." सगळं बरं होईल. आईला खरं सांगण्याची हिंमत माझ्यात तरी कुठं होती.

नानानं मागच्या खोलीत नवी खाट, पंखा, टीव्ही असं सगळं करून ठेवलं होतं. हॉटेलकडं बघू नकोस, म्हणाला, तुझा हिस्सा घरी पोचेल, तू आराम कर. वर्षभर मी आराम केला. गोळ्या संपत आल्या, हातांत ताकद आली, अंग भरलं. आराम मात्र संपेना. भेटायला येणारे खुर्चीकडं बघून बोलायचे. मंगला स्वयंपाक, लेकरं, आई आणि मी या सगळ्यांत झिजत होती. मी दिवसभर तिच्या अंगावर खेकसायचो. एकदा तिनं हातातलं पीठ झटकलं आणि म्हणाली की तुम्हाला माणसं हवीत, माझ्या एकटीनं भागणार नाही, तुम्ही हॉटेलात जा. ती चिडून म्हणाली, पण बरोबर म्हणाली.

मांडीवरचं ताट

मी नानाला सांगितलं, मला यायचंय. त्यानं जीप पाठवली. हॉटेलला पुढून पायऱ्या. वेटरांनी मला खुर्चीसकट उचललं, विसर्जनाच्या मूर्तीसारखं, आणि रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. परमिट रूममध्ये नेलं. काउंटरसमोर खुर्ची लावली तर काळा सनमायका माझ्या कपाळाच्या वर. ज्या जागी मी इतकी वर्षं उभा होतो तिथला नवा माणूस मला दिसतही नव्हता. आत जाण्याचं तोंड तर इतकं अरुंद की खुर्ची शिरणं शक्य नव्हतं. मग मला टेबलाजवळ नेलं. टेबलाला चार पाय आणि खाली आडव्या पट्ट्या. माझी खुर्ची आत जाईना. मी टेबलापासून हातभर लांब. तेवढ्यात एक जुने ओळखीचे वकील आले. माझी विचारपूस त्यांनी नानाकडं केली. मी काय घेणार, तेही त्यालाच विचारलं.

गोळ्या चालू असल्यानं मला दारू वर्ज्य होती. मी शेवभाजी मागवली. ताट कुठं ठेवणार? मांडीवर घेतलं. आमच्या हॉटेलची शेवभाजी उकळती येते, तिच्यासाठीच लोक लांबून येतात. मी खाल्लं, इकडंतिकडं बघितलं, बरं वाटतंय असा चेहरा केला. घरी आल्यावर मंगलानं पायजमा बदलायला घेतला आणि मला खाली बघायला सांगितलं. माझ्या दोन्ही मांड्यांवर ताटाच्या बुडाच्या आकाराचे फोड आले होते. कातडी सुटली होती. मला काहीच जाणवलं नव्हतं.

ती जखम भरायला कितीतरी महिने लागले. त्या भागात रक्त नीट फिरत नाही, जखमा चिघळतात. पुन्हा ताप, पुन्हा इंजेक्शनं. डॉक्टर म्हणाले, यातून माणसं दगावतात. मणक्याच्या टीबीतून मी वाचलो होतो, आणि टेबलाच्या चार पायांनी मला मारलं असतं.

नाना बघायला आला. त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, म्हणूनच सांगत होतो, घरी थांब.

मला तेव्हा भयंकर संताप आला. चूक टेबलाची होती आणि शिक्षा मला. तिथं पडल्या पडल्या मी पहिल्यांदा देव, नशीब, धुळ्याचा डॉक्टर या सगळ्यांना सोडून देऊन लाकडाचा विचार करायला लागलो.

कोपरा

पुढच्या उन्हाळ्यात नानानं परमिट रूम नवी करायला काढली. जळगावहून सजावटीचं काम करणारा एक प्लॅनर बोलावला. मी हट्टानं त्या बैठकीला घरी, माझ्या खोलीत, सगळ्यांना बसवलं. मी सांगितलं, काउंटरचा काही भाग खाली आणा, त्याच्याखाली गुडघ्यांना जागा सोडा, आणि पुढं पायऱ्यांशेजारी उतार करा. मला आतून काम करता आलं पाहिजे आणि माझ्यासारख्या कुणालाही बाहेरून बसता आलं पाहिजे.

प्लॅनर नम्रपणे हसला. दोन दिवसांनी नकाशा घेऊन आला. काउंटर होतं तसंच, उलट आणखी उंच. आणि लांब कोपऱ्यात, बाथरूमच्या दाराशेजारी, पडदा लावलेली एक खोपी. त्यात एक टेबल. म्हणाला, भाऊंसाठी खास. कुणाला संकोच नको, भाऊंना नको आणि गिऱ्हाइकांनाही नको.

मी नानाकडं पाहिलं. तो कागदाकडं बघत होता. प्लॅनर गेल्यावर आम्ही दोघंच राहिलो. दोघंच असलो की आम्ही अहिराणीत बोलतो. नाना हळू आवाजात म्हणाला, "लोकं आठे दुःख ईसराले येतस, भाऊ. तुले देखीसन त्यास्ले काय वाटी?"

लोक दुःख विसरायला येतात. तुला पाहून त्यांना काय वाटेल.

मी म्हणालो, "मी काय मडं शे का?"

तो उठून गेला. त्याला माझं दुःख होतं, हे मला माहीत आहे. पण त्याला स्वतःचं दुःख झाकून ठेवायला पडदा हवा होता, आणि त्या पडद्यामागं बसायचं होतं मी.

पायऱ्यांखाली

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मंगलाला म्हणालो, मला हॉटेलपर्यंत ने. घरापासून फार लांब नाही. जीप नको, कुणी उचलायला नको. आमच्या घरच्या बायका परमिट रूमच्या आसपास कधी फिरकल्या नव्हत्या, तशी रीतच होती. मंगलानं पदर खोचला आणि भर आग्रा रोडनं, ट्रकांच्या कडेनं, माझी खुर्ची ढकलत नेली. पायऱ्यांच्या खाली, बरोबर मधोमध, मी खुर्ची लावायला सांगितली.

गिऱ्हाइकं यायला लागली. ओळखीचे थबकायचे. भाऊ, बाहेर का? मी सांगायचो, हे माझं हॉटेल आहे, मला वर जाता येत नाही. एवढंच. ओरडलो नाही, रडलो नाही. काही जण म्हणाले, चला, आम्ही उचलतो. मी नको म्हणालो. मंगला पायरीवर बसून लसूण सोलत होती, घरून आणलेला. वकीलसाहेब आले, आमच्याकडं बघून परत गाडीत बसले आणि दुसरीकडं गेले.

नाना बाहेर आला. आधी समजावलं, मग चिडला, मग मंगलाला म्हणाला, तू तरी समजून घे. ती त्याच्याशी कधी मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशीही बोलली नाही. लसूण सोलत राहिली.

आम्ही रोज जायला लागलो. आईनं आमच्याशी बोलणं सोडलं. नातेवाइकांत चर्चा झाली की धाकट्याचं डोकंही गेलं. एकदा वळवाचा जोराचा वारा सुटला, सगळा रस्ता धुळीनं भरला. नाना धावत आला, स्वतःचं उपरणं माझ्या तोंडावर धरलं आणि तिथंच उभा राहिला. वारा थांबल्यावर म्हणाला, ठीक आहे. कर तुला काय करायचं ते. पण बिघडलं तर माझ्याकडं येऊ नको.

विटा आणि फळी

काय करायचं हे मला तरी कुठं माहीत होतं. अशी बैठक मी कुठं पाहिली नव्हती. प्लॅनर निघून गेला होता. मी घराच्या ओसरीत जुन्या दाराची फळी घेतली आणि दोन्ही टोकांना विटांचे थर रचले. खुर्ची फळीखाली न्यायची, गुडघे आपटले की मंगला एक थर वाढवायची. गुडघे सुटले, तर खुर्चीचे हातच अडकायला लागले. ते सुटतील एवढी फळी वर घेतली, तर कोपर खांद्याला यायला लागलं. मग वीट काढून खाली पातळ लाकडं घातली. असं करत करत एक उंची सापडली, की गुडघे आत, खुर्चीचे हात आत, आणि कोपर आरामात वर. त्या दिवशी मी त्या फळीवर चहाचा कप ठेवला आणि नुसता बघत बसलो.

पण उंची म्हणजे सगळं नव्हे. खुर्चीच्या पाय ठेवायच्या पाट्या पुढं येतात, म्हणून खाली खोलवर मोकळं हवं, पितळी दांडी तिथं चालणार नाही. खुर्ची वळायला किती जागा लागते, ते मी ओसरीत खडूनं आखून पाहिलं आणि प्रत्येक वेळी रेघेबाहेर गेलो. बाहेरच्या बाजूला स्टूल पक्कं करायचं नाही, हात असलेली साधी खुर्ची ठेवायची, हवी तेव्हा काढता येईल अशी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हा भाग टोकाला नको. मधोमध हवा. वरची फळी तीच, रंग तोच. उंच भागावर बसलेला आणि खालच्या भागावर बसलेला यांना शेजारी बसून एकमेकांशी बोलता आलं पाहिजे.

सुतारानं पहिल्यांदा केलं ते बघायला गेलो तर खाली गुडघ्यांच्या जागी कप्पे. विचारलं, हे काय? म्हणाला, एवढी जागा वाया जात होती. मी त्याला माझ्या खुर्चीत बसवलं आणि आत जायला सांगितलं. गेला नाही. कप्पे काढले, आत जायचं तोंडही खुर्ची शिरेल एवढं रुंद केलं. पुढच्या उताराचंही तेच. गवंड्यानं जागा वाचवायला तो इतका उभा केला की मी वर चढताना अर्ध्यातून मागं घसरत आलो आणि मंगला मागं नसती तर रस्त्यावर गेलो असतो. तो फोडून लांबवला. प्रत्येक वेळी नाना म्हणायचा, थोडक्यासाठी कशाला. मला या थोडक्याचा अनुभव होता. थोडक्यासाठी माझी मांडी जळली होती.

फौजी

परमिट रूम पुन्हा सुरू झाली. मी आतल्या बाजूनं, त्या खालच्या भागामागं बसायला लागलो. पहिले काही दिवस माझ्यासमोर कुणी बसेना. लोक दोन्हीकडच्या उंच स्टुलांवर बसायचे आणि मधला भाग मोकळा राहायचा. नाना लांबून बघत होता.

साक्रीकडचे उत्तम फौजी म्हणून एक गृहस्थ बाजाराला धुळ्याला यायचे. सैन्यात असताना दोन्ही पाय गुडघ्याखाली गेलेले. हातानं पायडल मारायच्या तीनचाकी सायकलवरून ते यायचे आणि बाहेर कडुलिंबाखाली थांबायचे. वेटर ट्रे तिथंच नेऊन द्यायचा. मी आजारी पडल्यानंतरच हे सुरू झालेलं. नाना म्हणायचा, त्यांना बाहेरच बरं वाटतं, हवा लागते. मी वेटरला ट्रे आत ठेवायला लावला आणि फौजींना निरोप पाठवला की उतार झालाय, आत या.

ते आले. सायकल काउंटरखाली जाईना, ती माझ्या खुर्चीपेक्षा वेगळी. त्यांनी हाताच्या जोरावर स्वतःला साध्या खुर्चीत टाकलं, कोपर टेकले, फळीवरून हात फिरवला. मी आभाराच्या शब्दांची वाट बघत होतो, हे कबूल करायला हरकत नाही. ते म्हणाले, "लघवीला कुठं जायचं?"

बाथरूमला वीतभर उंच पायरी होती आणि दार खुर्चीहून अरुंद. मी स्वतः दुपारपासून पाणी पिणं बंद करायचो आणि नळीवर निभावायचो. तोंडाला कोरड पडायची, तरी हे कुणाला सांगितलं नव्हतं. फौजींनी मोठ्यानं, सगळ्यांसमोर विचारलं. "प्यायला बसवता आणि मुतायची सोय नाही, हा कसला बार?" मग उंच स्टुलावरचा एक ट्रकमालक हसला, आणि त्याच्यामागं फौजीही. मी मात्र हसलो नाही. मला आनंद झाला होता. माझ्याइतका रागावलेला दुसरा माणूस मला बऱ्याच दिवसांनी भेटला होता.

त्या आठवड्यात बाथरूमची भिंत फोडली. दार रुंद केलं, पायरी काढली, भिंतीला धरायला लोखंडी नळ्या ठोकल्या. त्या कुठं ठोकायच्या ते फौजींनी आणि मी दोघांनी बसून, हात लावून ठरवलं आणि दोघांचं एकमत होईपर्यंत भरपूर भांडलो.

कुणासाठी

हळूहळू मधला भाग भरायला लागला. ज्यांचे गुडघे दुखतात असे म्हातारे व्यापारी स्टुलावर चढण्यापेक्षा तिथं बसायला लागले. पोलिओ झालेला एक शिक्षक चोपड्याहून महिन्यातून एकदा यायचा. जेवणाच्या हॉलातलीही टेबलं आम्ही मधल्या एका खांबाची करून घेतली.

नानाला आता अभिमान वाटायला लागला. कुणी पाहुणा आला की तो त्याला परमिट रूममध्ये आणायचा, काउंटरवर थाप मारायचा आणि सांगायचा की हे सगळं मी माझ्या भावासाठी केलं. लोक हळहळायचे, नानाची तारीफ करायचे. मी ग्लास पुसत ऐकायचो. बरेच दिवस ऐकलं. एका संध्याकाळी मालेगावचे कुणी व्यापारी आले होते, फौजी होते, वकीलसाहेबही परत यायला लागले होते, ते होते. नानानं थाप मारली आणि तेच वाक्य म्हणाला.

मी म्हणालो, "नाना, तू माझ्यासाठी नाही केलंस. मी केलं. आणि माझ्या एकट्यासाठी नाही केलं."

व्यापारी खाली बघायला लागले. नानाचा चेहरा उतरला. तो निघून जाईल असं मला वाटलं. पण तो तिथंच, माझ्या समोर, काउंटरला टेकून उभा राहिला, आणि त्या व्यापाऱ्यांना म्हणाला, "खरंय. यानंच केलं. मी याला पडद्यामागं बसवत होतो."

सगळ्यांना वाटलं, मी आता 'जाऊ दे नाना' म्हणेन. अशा वेळी तसं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणालो नाही, कारण ते गेलं नव्हतं, अजूनही गेलेलं नाही. तो माझा भाऊ आहे, खड्ड्यांत माझं डोकं मांडीवर धरणारा, आणि तोच मला झाकायला निघाला होता. दोन्ही खरं आहे आणि एकानं दुसरं पुसलं जात नाही. हे लिहितानाही मला राग येतोच आहे.

मागं दारातून चोपड्याचा शिक्षक कुबड्या टेकत येत होता. नाना नेमका मधल्या खुर्चीसमोर उभा होता.

मी म्हणालो, "नाना, बाजूला हो. गिऱ्हाईक आलंय."

तो बाजूला झाला.